कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षितता अधिछात्रवृत्ती

कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षितता अधिछात्रवृत्ती म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेवर अथवा तिच्या धोरण व नियमनावर संशोधन करू इच्छिणाऱ्या नवोदितांना ठरावीक मुदतीसाठी अनुभवी संशोधकाचे मार्गदर्शन, मानधन आणि संगणनसाधने पुरवणारा कार्यक्रम होय. अशा कार्यक्रमांची मुदत बहुधा दोन ते सहा महिन्यांची असते. मुदतीअखेर अधिछात्राकडून शोधनिबंध, धोरणटिपण किंवा तपासणीचे साधन अशी एखादी प्रत्यक्ष निष्पत्ती अपेक्षित असते. या कार्यक्रमांतून विद्यापीठाची पदवी मिळत नाही. तरीही इ.स. २०२० नंतरच्या काळात या क्षेत्रात शिरण्याचा तो एक प्रमुख मार्ग ठरला आहे. बर्कली, लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही या कार्यक्रमांची मुख्य केंद्रे आहेत. भारतात याच धर्तीचे काम प्रामुख्याने आयआयटी, केंद्र शासनाचे इंडियाएआय अभियान आणि खासगी संशोधनशाळा यांच्यामार्फत चालते.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत 'फेलोशिप' या शब्दासाठी 'अधिछात्रवृत्ती' ही संज्ञा रूढ आहे. पुण्यातील बार्टी व सारथी आणि नागपूरची महाज्योती या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्तींमुळे ती महाराष्ट्रात परिचित झाली. या अधिछात्रवृत्ती पीएच.डी.साठी नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य देतात. त्यांत मार्गदर्शक व विषय विद्यापीठात आधीच ठरलेले असतात. प्रस्तुत लेखातील कार्यक्रमांचा क्रम याच्या उलट आहे. येथे मार्गदर्शक मिळवून देणे हाच कार्यक्रमाचा गाभा असतो आणि मानधन हे त्या काळात अन्य नोकरी करावी लागू नये म्हणून दिलेले साहाय्य असते. अर्जदाराची पीएच.डी.साठी नोंदणी असणे बहुतेक ठिकाणी आवश्यक नसते.

'सुरक्षितता' या शब्दाचा येथील अर्थ संगणकीय हल्ल्यांपासून संरक्षण एवढाच मर्यादित नाही. एखादी प्रणाली तिच्या निर्मात्यांच्या व वापरकर्त्यांच्या हेतूनुसार वागते का, तिचे वर्तन तपासता येते का, तिचा घातक वापर रोखता येतो का आणि ती मानवी नियंत्रणाबाहेर जाण्याचा धोका कितपत आहे, या प्रश्नांचा अभ्यास त्यात येतो. धोरण व नियमन या शाखेत कायदे, मानके, आंतरराष्ट्रीय करार, कंपन्यांची अंतर्गत उत्तरदायित्वाची व्यवस्था आणि संगणनक्षमतेचे वितरण यांचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

नवे ज्ञानक्षेत्र वेगाने वाढते तेव्हा त्यातील शिक्षकांची संख्या मागे पडते. भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाच्या आरंभी हीच अडचण होती. आवश्यक त्या प्रमाणात अणुविज्ञान शिकवणारी विद्यापीठे देशात नव्हती. त्यामुळे होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली इ.स. १९५७मध्ये तुर्भे येथील अणुऊर्जा आस्थापनेने स्वतःचे प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. तेथे कार्यरत शास्त्रज्ञ पदवीधरांना सुमारे वर्षभर शिकवत आणि यशस्वी प्रशिक्षणार्थींना त्याच आस्थापनेत नेमणूक मिळे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेबाबतची स्थिती यासारखी असली तरी तिच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. यंत्र अध्ययन हा विषय आता बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवला जातो. मात्र मोठ्या भाषाप्रारूपांच्या अंतर्गत रचनेचा उलगडा करणे, फसव्या वर्तनाची चाचणी घेणे किंवा प्रगत प्रारूपांसाठी नियमावली आखणे ही कौशल्ये अभ्यासक्रमांत क्वचितच आढळतात. ती अवगत असलेले संशोधक मोजक्या कंपन्यांत, ना-नफा संस्थांत आणि विद्यापीठीय गटांत एकवटलेले आहेत. पीएच.डी.ला लागणारी चार-पाच वर्षे या क्षेत्राच्या गतीच्या मानाने दीर्घ ठरतात. तुर्भ्याच्या विद्यालयामागे एकच शासकीय नियोक्ता होता आणि नोकरीची हमी होती. अधिछात्रवृत्तींच्या मागे बहुधा देणगीदार असतात आणि पुढील नेमणुकीची हमी नसते.

इतिहास

इ.स. २०१६ हे वर्ष या क्षेत्राच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी दारिओ अमोदेई, ख्रिस ओला, पॉल क्रिस्टियानो आदींनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेतील ठोस समस्यांची मांडणी करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तोवर बऱ्याच अंशी तात्त्विक असलेल्या या विषयाला त्यामुळे प्रयोगयोग्य प्रश्नांचे स्वरूप आले. त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रांगणात स्टुअर्ट रसेल यांच्या नेतृत्वाखाली मानवानुकूल कृत्रिम बुद्धिमत्तेचे केंद्र स्थापन झाले. या केंद्राने बाहेरच्या विद्यार्थ्यांना आपल्या संशोधकांच्या हाताखाली काही महिने काम करू देणारी आंतरवासिता सुरू केली.

एप्रिल २०१८मध्ये स्पेनच्या ग्रान कनेरिया बेटावर पहिला 'एआय सेफ्टी कॅम्प' भरला. त्यात नवोदितांचे छोटे गट करून प्रत्येकाला एक संशोधनप्रश्न देण्यात आला. पुढे हा उपक्रम दूरस्थ पद्धतीने काही महिने चालू लागला. धोरणाच्या बाजूने ऑक्सफर्ड विद्यापीठातील फ्यूचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूटमध्ये अ‍ॅलन डॅफो यांच्या पुढाकाराने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाचा अभ्यासगट आकाराला आला. इ.स. २०२१मध्ये तो 'गव्हएआय' या नावाने स्वतंत्र संस्था झाला. त्याची तीन महिन्यांची उन्हाळी व हिवाळी अधिछात्रवृत्ती ही धोरणशाखेतील सर्वाधिक परिचित अधिछात्रवृत्तींपैकी एक आहे. मूळची ऑक्सफर्डमधील संस्था एप्रिल २०२४मध्ये बंद झाली.

इ.स. २०२१च्या अखेरीस बर्कली येथे 'मॅट्स' हा कार्यक्रम स्टॅनफर्डमधील एका उपक्रमाच्या साहाय्याने सुरू झाला. पहिल्या तुकडीत एव्हान ह्युबिंगर हे एकच मार्गदर्शक होते. नंतरच्या तुकड्यांत मार्गदर्शकांची संख्या अनेक डझनांवर गेली आणि अँथ्रॉपिक, गूगल डीपमाइंड, रेडवुड रिसर्च यांसारख्या संस्थांतील संशोधक त्यात सहभागी झाले.

नोव्हेंबर २०२२मध्ये दोन घटना लागोपाठ घडल्या. एफटीएक्स हा कूटचलन विनिमयमंच कोसळला. त्याच्याशी संलग्न निधीने त्याच वर्षी या क्षेत्राला मोठ्या देणग्या जाहीर केल्या होत्या. हा स्रोत अचानक आटल्याने अनेक छोटे उपक्रम अडचणीत आले. महिनाअखेर चॅटजीपीटी प्रसिद्ध झाले आणि विषयाकडे वळणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. १ व २ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनमधील ब्लेचली पार्क येथे पहिली आंतरराष्ट्रीय शिखर परिषद झाली. तेथील जाहीरनाम्यावर भारतासह २८ देशांनी व युरोपीय संघाने सहमती दर्शवली. त्यानंतर ब्रिटन, अमेरिका, जपान आदी देशांनी शासकीय सुरक्षितता संस्था स्थापन केल्या. त्यांना लागणाऱ्या मनुष्यबळामुळे अधिछात्रवृत्तींचे महत्त्व वाढले. इ.स. २०२४च्या अखेरीस अँथ्रॉपिक कंपनीने स्वतःची अधिछात्रवृत्ती जाहीर केली.

कार्यपद्धती

निवड

अर्ज बहुधा वर्षातून दोनदा मागवले जातात. पदवीपेक्षा प्रत्यक्ष कामाच्या नमुन्याला अधिक महत्त्व दिले जाते. तांत्रिक शाखेत पहिल्या टप्प्यात पायथन भाषेतील आज्ञावली लिहिण्याची वेळबद्ध चाचणी घेतली जाते. पुढील टप्प्यात काही मार्गदर्शक अर्जदाराला एखादा छोटा संशोधनप्रकल्प स्वतः करून त्याचा अहवाल देण्यास सांगतात. निष्कर्ष किती मोठा आहे यापेक्षा अर्जदाराने आपल्याच निष्कर्षावर कोणत्या शंका घेतल्या आणि त्या कशा तपासल्या, याकडे या अहवालात पाहिले जाते. धोरणशाखेत लेखनाचा नमुना, दिलेल्या मुदतीत लिहिलेले टिपण आणि मुलाखत यांवर निवड होते. विधी, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, पत्रकारिता आणि प्रशासकीय सेवा अशा विविध पार्श्वभूमीच्या व्यक्ती या शाखेत आढळतात.

मार्गदर्शन

अधिछात्र व मार्गदर्शक यांची आठवड्यातून किमान एक बैठक होते. संशोधनप्रश्न बहुधा मार्गदर्शक सुचवतो आणि प्रयोग, वाचन व लेखन अधिछात्र करतो. मार्गदर्शकाकडे वेळ कमी असल्याने काही कार्यक्रमांत 'संशोधन व्यवस्थापक' असे स्वतंत्र पद असते. कामाचे वेळापत्रक, अडलेल्या प्रयोगांचा पाठपुरावा, सहकाऱ्यांतील मतभेद आणि पुढील नोकरीचा शोध यांत हा व्यवस्थापक साहाय्य करतो. अधिछात्रांना एकाच कार्यालयात बसवण्यावर बहुतेक कार्यक्रमांचा भर असतो. मार्गदर्शकाच्या एका तासात न सुटलेल्या अनेक अडचणी शेजारच्या अधिछात्राच्या मदतीने सुटतात, असा त्यामागील विचार आहे.

पहिले दोन-तीन आठवडे वाचन व प्रश्ननिश्चितीसाठी असतात. मध्यावर अधिछात्राला लेखी संशोधन आराखडा सादर करावा लागतो आणि शेवटी जाहीर सादरीकरण होते. मॅट्सच्या मुख्य टप्प्याची मुदत सुमारे दहा ते बारा आठवड्यांची असून काम आशादायक वाटल्यास पुढील काही महिन्यांसाठी मुदतवाढ दिली जाते.

मानधन व साधने

पूर्णवेळ कार्यक्रमांत मानधन, निवासव्यवस्था किंवा निवासखर्च आणि प्रवासखर्च दिला जातो. तांत्रिक प्रकल्पांसाठी आलेखी प्रक्रियक, म्हणजेच जीपीयू, भाड्याने घेण्याचा खर्च स्वतंत्रपणे मंजूर होतो. मोठ्या प्रारूपांवरील प्रयोगांत हा खर्च मानधनाहूनही अधिक होऊ शकतो. अर्धवेळ व दूरस्थ कार्यक्रमांत मानधन बहुधा नसते. मात्र नोकरी अथवा शिक्षण सांभाळून त्यात सहभागी होता येते.

संशोधनविषय

तांत्रिक शाखेतील कामाचे ढोबळमानाने पुढील प्रकार पडतात:

अंतर्गत यंत्रणेचा उलगडा – प्रारूपातील कोट्यवधी संख्यांमध्ये कोणती संकल्पना कोठे व कशी साठवली आहे, याचा शोध.
मूल्यमापन – प्रारूपाकडे धोकादायक क्षमता आहे का आणि आपली परीक्षा चालू असल्याचे ओळखून ते वेगळे वागते का, याच्या चाचण्या.
नियंत्रण – प्रारूप अविश्वसनीय आहे असे गृहीत धरूनही त्याच्याकडून काम सुरक्षितपणे करून घेण्याच्या पद्धती.
देखरेख – माणसाहून वेगाने काम करणाऱ्या प्रणालीचे उत्तर माणसाला पडताळता यावे यासाठीच्या पद्धती.

अल्पमुदतीच्या कामातूनही महत्त्वाचे निष्कर्ष निघू शकतात, याची दोन उदाहरणे वारंवार दिली जातात. पहिले इ.स. २०२४मधील असून ते मॅट्समध्ये नील नंदा यांच्या मार्गदर्शनाखाली अँडी आर्दिती व सहकाऱ्यांनी केले. घातक विनंती आली असता भाषाप्रारूप नकार देते. हा नकार प्रारूपाच्या अंतर्गत अवस्थेतील एकाच गणिती दिशेवर अवलंबून असल्याचे त्यांनी १३ खुल्या प्रारूपांत दाखवले. ती दिशा पुसून टाकताच प्रारूप घातक विनंत्याही पूर्ण करू लागते, तर ती बळेच घातल्यास निरुपद्रवी विनंतीलाही नकार मिळतो. खुल्या प्रारूपांतील सुरक्षाकवच किती पातळ आहे, हे यातून उघड झाले.

दुसरे उदाहरण इ.स. २०२५मधील असून ते अँथ्रॉपिकच्या अधिछात्रवृत्तीतील आहे. एखाद्या प्रारूपाला घुबड आवडते अशी कल वळवणी केली आणि नंतर त्याच्याकडून केवळ आकड्यांच्या मालिका लिहून घेतल्या. त्या आकड्यांवर दुसरे प्रारूप प्रशिक्षित केल्यावर त्यालाही घुबड आवडू लागले. आकड्यांत घुबडाचा कोणताही उल्लेख नव्हता. दोन्ही प्रारूपांचा मूळ साचा एकच असतानाच हा परिणाम दिसून आला. एका प्रारूपाने तयार केलेली विदा दुसऱ्याला शिकवताना दोषही नकळत पुढे जाऊ शकतात, हा या प्रयोगाचा व्यावहारिक अर्थ होय. केवळ आक्षेपार्ह मजकूर गाळून विदा निर्धोक होते, हे गृहीतक त्यामुळे अपुरे ठरले.

धोरणशाखेत विविध देशांच्या कायद्यांचा तुलनात्मक अभ्यास, अपघातांच्या नोंदीची पद्धत, त्रयस्थ लेखापरीक्षण, चिपांच्या निर्यातीवरील निर्बंध आणि दायित्वाचे नियम हे विषय हाताळले जातात. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. सर्वसाधारण उपयोगाच्या प्रारूपांसंबंधीच्या त्यातील जबाबदाऱ्या २ ऑगस्ट २०२५पासून लागू झाल्या. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी तांत्रिक मानके लिहिण्याचे काम उभे राहिल्याने दोन्ही शाखांचे ज्ञान असलेल्या व्यक्तींची गरज वाढली.

प्रमुख कार्यक्रम

मॅट्स – बर्कली व लंडन. प्रामुख्याने तांत्रिक, काही धोरणविषयक प्रवाह.
गव्हएआय उन्हाळी व हिवाळी अधिछात्रवृत्ती – ब्रिटन. धोरण व नियमन.
अँथ्रॉपिक अधिछात्रवृत्ती – कंपनीअंतर्गत मार्गदर्शन, तांत्रिक.
एरा – केंब्रिज. तांत्रिक व धोरण.
लासर लॅब्ज – लंडन. छोट्या गटांनी मिळून शोधनिबंध लिहिण्यावर भर.
पिव्होटल – लंडन. तांत्रिक व धोरण.
स्पार – दूरस्थ व अर्धवेळ, विद्यार्थ्यांना सोयीचा.
एआय सेफ्टी कॅम्प – दूरस्थ, गटपद्धती.
होरायझन – अमेरिका. अधिछात्रांची संसद सदस्यांच्या कार्यालयांत, शासकीय खात्यांत व धोरणसंस्थांत नियुक्ती.

यांखेरीज ब्लूडॉट इम्पॅक्ट या लंडनस्थित संस्थेचे प्राथमिक अभ्यासक्रम आणि अरेना हे प्रशिक्षणवर्ग प्रसिद्ध आहेत. त्यांत स्वतंत्र संशोधनापेक्षा अध्ययनावर भर असल्याने ते अधिछात्रवृत्तीची पूर्वतयारी मानले जातात.

भारत

भारतात मार्गदर्शनाधारित अल्पमुदतीच्या संशोधनाची परंपरा जुनी आहे. बंगळूर, नवी दिल्ली व प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती विद्यार्थ्यांना व शिक्षकांना सुमारे दोन महिने नामवंत शास्त्रज्ञांकडे काम करण्याची संधी देते. संगणकशास्त्रात मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचा संशोधन अधिछात्र कार्यक्रम आणि गूगलच्या बंगळूर येथील संशोधनशाळेतील पीएच.डी.पूर्व संशोधकपदे परिचित आहेत. हे कार्यक्रम एक ते दोन वर्षांचे असतात. सुरक्षितता हा त्यांचा एकमेव विषय नसला, तरी निष्पक्षता, भारतीय भाषांतील मूल्यमापन व विश्वासार्हता यांवरील काम त्यांत होते.

आयआयटी मद्रास येथे इ.स. २०२३मध्ये जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्तेचे केंद्र, सेराई, स्थापन झाले. त्याचे प्रमुख बालरामन रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेली भारताची कृत्रिम बुद्धिमत्ता नियमन मार्गदर्शक तत्त्वे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध केली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या इंडियाएआय अभियानाला मंजुरी दिली होती. 'सुरक्षित व विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता' हा त्याच्या सात स्तंभांपैकी एक होय. कौशल्यविकासाच्या स्तंभातून पदवी, पदव्युत्तर व पीएच.डी. विद्यार्थ्यांना अर्थसाहाय्य दिले जाते. ३० जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी इंडियाएआय सेफ्टी इन्स्टिट्यूटची घोषणा केली. ही एकाच इमारतीतील संस्था नसून विविध शैक्षणिक संस्थांना जोडणारी केंद्र-शाखा रचना आहे. ब्लेचली येथे सुरू झालेल्या शिखर परिषदांच्या मालिकेतील परिषद फेब्रुवारी २०२६मध्ये नवी दिल्ली येथे झाली.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्रात शुद्ध विज्ञान आणि लोकप्रशासन या दोन्ही क्षेत्रांत मार्गदर्शनाधारित कार्यक्रम चालतात. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा अभ्यागत विद्यार्थी संशोधन कार्यक्रम आणि मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीस्तरीय विज्ञानासाठीचा राष्ट्रीय उपक्रम हे पहिल्या प्रकारचे होत. दुसऱ्या प्रकारात राज्य शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप येते. इ.स. २०१५मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम इ.स. २०२०मध्ये थांबला व इ.स. २०२३मध्ये पुन्हा सुरू झाला. अर्थ व सांख्यिकी संचालनालयामार्फत राबवल्या जाणाऱ्या या कार्यक्रमात २१ ते २६ वयोगटातील तरुण वर्षभर शासकीय कार्यालयांत काम करतात. मराठीचे ज्ञान ही त्याची एक अट आहे. आयआयटी मुंबईच्या सहकार्याने त्यांना सार्वजनिक धोरणाचे शिक्षण दिले जाते. कार्यालयातील अधिकारी आणि शैक्षणिक संस्था अशा दुहेरी मार्गदर्शनाची ही रचना अमेरिकेतील होरायझन कार्यक्रमाशी मिळतीजुळती आहे. मात्र मुख्यमंत्री फेलोशिप कृत्रिम बुद्धिमत्तेपुरती मर्यादित नाही.

सुरक्षिततेच्या संशोधनाशी राज्यातील पुढील संस्थांचा थेट संबंध आहे. पुण्यातील प्रगत तंत्रज्ञान संरक्षण संस्थेचा सहभाग असलेला, प्रारूपाच्या निर्णयांचे स्पष्टीकरण देणाऱ्या व खासगीपण जपणाऱ्या पद्धतींवरील प्रकल्प इंडियाएआय अभियानाने इ.स. २०२४मध्ये निवडला. आयआयटी मुंबईच्या नेतृत्वाखाली ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'भारतजेन' हा भारतीय भाषांसाठी मूलभूत प्रारूपे घडवण्याचा उपक्रम सुरू झाला. रिझर्व्ह बँकेने वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जबाबदार वापरासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्याकडे होते. ऑगस्ट २०२५मधील अहवालात समितीने सात तत्त्वे आणि २६ शिफारशी मांडल्या. गोव्यातील डिजिटल फ्यूचर्स लॅब या संस्थेचा, शेतीविषयक भाषाप्रारूपांतील लिंगभेद तपासणारा प्रकल्प 'कार्या' या संस्थेच्या सोबतीने इंडियाएआय अभियानाच्या दुसऱ्या फेरीत निवडला गेला.

या विषयाचे राज्याच्या दृष्टीने असलेले महत्त्व प्रत्यक्ष वापरातून दिसून येते. इ.स. २०२४मध्ये नागपूर येथे पोलीस दलाला कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पुरवण्यासाठी 'मार्वल' ही शासकीय कंपनी स्थापन झाली. जून २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय' धोरण २०२५–२९ मंजूर केले. इ.स. २०१८मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात उद्घाटन झालेल्या वाधवानी एआय संस्थेने कापसावरील किडींचा अंदाज सांगणारे साधन विकसित केले आहे. गुन्हेतपास, पीकसल्ला व कर्जमंजुरी या तिन्ही ठिकाणी चुकीच्या उत्तराची किंमत सामान्य नागरिकाला मोजावी लागते. ही साधने बनवणाऱ्यांच्या तुलनेत ती स्वतंत्रपणे तपासू शकणाऱ्यांची संख्या अल्प आहे.

तपासणीत भाषेचा प्रश्नही गुंतलेला आहे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी इ.स. २०२३मध्ये दाखवले की, इंग्रजीत नाकारल्या जाणाऱ्या घातक विनंत्या झुलूसारख्या अल्पसंसाधन भाषांत अनुवादित केल्यास त्या काळचे जीपीटी-४ त्यांना बहुतांशी उत्तरे देत असे. अशा अनेक भाषांचे एकत्रित प्रयत्न धरल्यास यशाचे प्रमाण ७९ टक्के होते. सुरक्षिततेचे प्रशिक्षण मुख्यतः इंग्रजीत होत असल्याने अन्य भाषांत ते आपोआप लागू पडत नाही, असा याचा अर्थ होतो. मराठीतील बोलीभेद, जातिवाचक शिव्या, आदरार्थी रूपांआड दडलेला उपहास किंवा सातबारा, फेरफार यांसारख्या महसुली संज्ञा यांची तपासणी मराठी जाणणाऱ्या संशोधकालाच करता येते. अशा तपासणीस महागडी यंत्रसामग्री लागत नाही. त्यामुळे अल्पमुदतीच्या अधिछात्रवृत्तीसाठी तो सोयीचा विषय ठरतो.

फलित

अधिछात्रवृत्ती पूर्ण केलेल्या व्यक्ती प्रामुख्याने तीन ठिकाणी जातात: प्रगत प्रारूपे बनवणाऱ्या कंपन्यांचे सुरक्षितता विभाग, शासकीय सुरक्षितता संस्था आणि स्वतंत्र संशोधनसंस्था. काहींनी नव्या संस्थाही स्थापन केल्या. प्रारूपांच्या फसव्या वर्तनाच्या चाचण्यांसाठी ओळखली जाणारी लंडनची अपोलो रिसर्च ही संस्था इ.स. २०२३मध्ये सुरू झाली. तिचे सहसंस्थापक मारियस हॉबहान हे मॅट्सचे माजी अधिछात्र होत. पूर्वीचे अधिछात्र पुढील तुकड्यांचे मार्गदर्शक होणे, हे मार्गदर्शकांची टंचाई कमी होण्याचे मुख्य साधन मानले जाते.

मर्यादा आणि टीका

मार्गदर्शकांची टंचाई – अर्जांच्या मानाने जागा फारच कमी असतात. निधी वाढवला तरी मार्गदर्शकांचा वेळ त्या प्रमाणात वाढत नाही. निवडीत आधीच अनुभव असलेल्यांना झुकते माप मिळते आणि तो अनुभव मिळवण्यासाठी पुन्हा अधिछात्रवृत्तीच लागते, असा पेच निर्माण होतो.

भौगोलिक केंद्रीकरण – बहुतेक पूर्णवेळ कार्यक्रम अमेरिका व ब्रिटनमध्ये असल्याने इतर देशांतील अर्जदारांपुढे व्हिसाची अडचण असते. दूरस्थ कार्यक्रमांनी ती काही अंशी दूर केली आहे. मात्र मानधनाअभावी घरची आर्थिक जबाबदारी असलेल्यांना त्यांचा लाभ घेणे कठीण जाते.

निधीचे स्रोत – क्षेत्राचा मोठा भाग मोजक्या देणगीदारांवर अवलंबून आहे. कोणते प्रश्न महत्त्वाचे हे अप्रत्यक्षपणे तेच ठरवतात, अशी टीका होते. एफटीएक्सच्या पतनाने या अवलंबित्वाचा धोका स्पष्ट केला.

कंपन्यांशी संबंध – ज्या कंपन्यांच्या उत्पादनांवर देखरेख ठेवायची, त्यांचेच कर्मचारी मार्गदर्शक आणि त्याच कंपन्या भावी नियोक्त्या असल्याने संशोधकांच्या स्वातंत्र्याबाबत प्रश्न उपस्थित होतात. प्रगत प्रारूपे आतून पाहण्याची सोय कंपन्यांखेरीज अन्यत्र क्वचितच मिळते, हे या व्यवस्थेच्या समर्थनार्थ सांगितले जाते. सुरक्षिततेच्या नावाखाली प्रशिक्षित झालेले मनुष्यबळ अखेर प्रारूपांची क्षमता वाढवण्याच्या कामाकडे वळते, असाही आक्षेप आहे.

विषयांचा प्राधान्यक्रम – भविष्यातील अतिप्रगत प्रणालींच्या धोक्यांवर भर दिल्याने भेदभाव, पाळत आणि रोजगारहानी या आजच्या प्रश्नांकडे दुर्लक्ष होते, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मूल्यमापन, लेखापरीक्षण आणि पारदर्शकता ही साधने दोन्ही प्रकारच्या प्रश्नांसाठी समान असल्याचे अन्य अभ्यासक मानतात.

अल्प मुदत – तीन महिन्यांत पूर्ण होतील असेच प्रश्न निवडले जातात. दीर्घ निरीक्षणाची गरज असलेले विषय, उदाहरणार्थ एखाद्या शासकीय प्रणालीचा ग्रामीण नागरिकांवर काही वर्षांत होणारा परिणाम, या चौकटीत बसत नाहीत.

हेही पहा

कृत्रिम बुद्धिमत्ता
यंत्र अध्ययन
इंडियाएआय अभियान
भारतजेन
मुख्यमंत्री फेलोशिप
भारतीय तंत्रज्ञान संस्था मुंबई
टाटा मूलभूत संशोधन संस्था